गंजलेली सायकल आणि गंजलेले नियोजन

शहाडच्या कोणत्याही जुन्या चाळीत जाऊन जिन्याखाली पाहावे. तेथे एक काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल भिंतीला टेकवलेली आढळते. टायर जमिनीला चिकटलेले, चेन तांबडी झालेली, कॅरिअरवर रद्दीचे गठ्ठे. घरातील कर्ता पुरुष त्या सायकलीवर तीस-तीस वर्षे पाळीला गेलेला असतो. त्याचे पाय सेंच्युरी रेयॉनच्या दारापर्यंत किंवा मोहन्याच्या एनआरसीपर्यंत ती चालवीत गेले, त्या वेतनावर मुले शिकली, आणि आता तीच मुले तेवढेच अंतर कापण्यासाठी रोज शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहतात. सायकल भंगारवाल्याला द्यावी की नाही, याची चर्चा घरात दर दिवाळीच्या साफसफाईला होते.

या चर्चेकडे घरगुती अडगळीचा प्रश्न म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. ती सोडली पाहिजे. ही सायकल अडगळ का झाली, ती पुन्हा चालती करता येते किंवा नाही, आणि करता येत असेल तर ती का केली जात नाही, हे तिन्ही प्रश्न राजकीय अर्थशास्त्राचे आहेत. श्रमिकाच्या वेतनातील किती हिस्सा केवळ कामावर पोहोचण्यात खर्ची पडतो आणि सार्वजनिक रस्ता कोणाच्या मालकीचा मानला जातो, याचा निवाडा त्या जिन्याखालीच होत असतो.

दुरुस्तीचे अवडंबर

पहिला गैरसमज असा की, दहा-पंधरा वर्षे पडून राहिलेली सायकल ही मेलेली सायकल होय. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. मानवाने बनविलेल्या वाहनांत इतके सोशीक वाहन दुसरे नाही.

अशा सायकलीचा सांगाडा प्रथम तपासावा. नळ्यांच्या सांध्यांना आणि पुढच्या चिमट्याला तडा नसेल, तर वरवरच्या गंजाला भिण्याचे कारण नाही. रॉकेल, पॉलिश कागद आणि तेलाचा हात एवढ्याने तो उतरतो. टायर मात्र बाजूंनी चिरलेले आणि आतील सूत दिसू लागलेले असतात. ते ट्यूबसह बदलावेच लागतात. पण अठ्ठावीस गुणिले दीड इंच हे माप अजूनही तालुक्याच्या गावी मिळते. हवा टिकत नसेल तर पुष्कळदा दोष ट्यूबचा नसून व्हॉल्व्हवरील इवल्याशा रबरी नळीचा असतो, आणि तिची किंमत चहाच्या कपाएवढीही नसते.

यानंतरचे काम संयमाचे. पडून राहिलेल्या सायकलीतील ग्रीस मेणासारखे घट्ट होते. म्हणून पुढचे चाक, मागचे चाक, पायडलांचा मधला आस आणि हँडलाचा सांधा ही चारही ठिकाणे उघडून छर्रे रॉकेलमध्ये धुवावे लागतात. खड्डे पडलेले छर्रे आणि कोन टाकून द्यावेत. नव्यात जुने छर्रे मिसळू नयेत, कारण मापातील किंचित फरकामुळे सारा भार मोजक्या छऱ्यांवर येतो. कोन आवळताना चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हाताने हलवले असता डुगडुगता कामा नये. कॉटर पिन गंजून बसलेली असेल तर क्रँकला खालून आधार देऊन मगच ठोकावी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरणारा नवशिका आटे खराब करून ठेवतो. फ्रीव्हीलमधील कुत्रे जुन्या वंगणात चिकटतात. पातळ तेल सोडून ते मोकळे करावे. चेन रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून मोजावी. तिचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत; एक अष्टमांश इंच वाढले असतील तर चेन बदलावी. पुढच्या चाकाचे बत्तीस आणि मागच्या चाकाचे चाळीस स्पोक तपासून आऊट काढावा आणि सर्वांत शेवटी ब्रेकची दगडासारखी झालेली रबरे बदलावीत.

यालाच आपल्याकडचे कारागीर ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. एका जाणत्या माणसाचे हे एका दिवसाचे काम आहे. सुट्या भागांसह खर्च साधारणपणे हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास येतो. यात परदेशी तंत्रज्ञान नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, वीज नाही, पेट्रोल नाही. सुटा भाग अमुक कंपनीचाच हवा अशी अटही सहसा नाही, कारण या सायकलीची मापे पिढ्यान् पिढ्या तीच राहिली आणि लुधियानाच्या लहान कारखान्यांत बनलेला कोन शहाडच्या जुन्या सायकलीत मुकाट बसतो. यंत्र दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्काची चर्चा आज जगभर चालू आहे. भारत सरकारनेही २०२२ साली त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. काळ्या सायकलीने हा हक्क कोणत्याही संकेतस्थळावाचून श्रमिकाच्या हाती केव्हाच दिला होता. डॉ. राममनोहर लोहियांना अभिप्रेत असलेल्या लहान यंत्राचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तीन किलोमीटरांचे अर्थशास्त्र

आता हिशेब मांडू. शहाड ते कल्याण हे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. मोहने आणि उल्हासनगरही याच टप्प्यात येतात. समजा, एखाद्या कंत्राटी कामगाराला महिन्याकाठी पंधरा हजार रुपये मिळतात आणि तो सव्वीस दिवस कामावर जातो. त्याची दिवसाची कमाई ५७७ रुपये झाली. जाता-येता रिक्षाला वीस-वीस रुपये मोजले, तर महिन्याला १,०४० रुपये होतात. म्हणजे महिन्यातील जवळजवळ दोन दिवस तो केवळ या तीन किलोमीटरांसाठी राबतो. सायकलीने हेच अंतर पंधरा मिनिटांत कापता येते आणि दुरुस्तीचा दीड हजारांचा खर्च दीड महिन्यात फिटतो. दीड महिन्यात परत येणारी गुंतवणूक कोणत्याही शेअर बाजारात मिळत नाही. मग ती होत का नाही?

इव्हान इलिच या विचारवंताने १९७० च्या दशकात अमेरिकन माणसाच्या मोटारीचा असाच हिशेब केला होता. मोटार चालविणे, ती उभी करणे, तिचे हप्ते, विमा, कर आणि इंधन यांसाठी कमावणे या साऱ्यांत तो वर्षाला १,६०० तास घालवितो आणि ७,५०० मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो. शहाडचा कामगार मोटार घेत नाही. तो हप्त्यांवर दुचाकी घेतो. पण हिशेबाची जात तीच आहे. वेग विकत घेण्यासाठी लागणारे पैसे कमाविण्यात त्याचा वाचलेला वेळ संपून जातो. मधल्या मध्ये वित्तसंस्थेचे व्याज आणि इंधनावरील कर मात्र नियमितपणे वसूल होत राहतात.

यावर प्रस्थापित अर्थशास्त्र्यांचे उत्तर ठरलेले आहे: देशाची प्रगती झाली, उत्पन्न वाढले, म्हणून लोकांनी आपखुशीने सायकल सोडली. हे उत्तर आकडेवारीपुढे टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर वा मोटारसायकल २१ टक्क्यांकडे आणि मोटार ४.७ टक्क्यांकडे. म्हणजे ज्या वाहनाचे मालक सर्वाधिक, त्याच्या वाट्याला रस्त्याची कड. आणि ज्याचे मालक वीसात एक, त्याच्यासाठी उड्डाणपूल. ज्याच्या पायाखालून रस्ता काढून घेतला, त्याने चालणे आपखुशीने सोडले असे म्हणणे हा उद्दाम तर्क आहे.

करांची भाषा

सरकार कोणाच्या बाजूचे आहे हे त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या करांच्या तक्त्यावरून अधिक स्पष्ट कळते. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सायकलीवर तो १२ टक्के होता. सहा वर्षे या देशात लाखो रुपयांच्या विजेच्या मोटारीवरील कराचा दर पाच हजारांच्या सायकलीवरील दराच्या निम्म्याहूनही कमी राहिला आणि हे सारे पर्यावरणरक्षणाच्या नावाने चालले. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील कर ५ टक्क्यांवर आला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच फेरीत लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. सायकलीला दिलेला दिलासा मोटारीच्या वरातीत मागून चालणाऱ्या पाहुण्यासारखा होता.

सायकल उद्योगाची कहाणी तर अधिक बोलकी आहे. वरळीचा हिंद सायकल्स आणि आसनसोलचा सेन-रॅले हे दोन आजारी कारखाने १९८० साली संसदेने कायदा करून राष्ट्राच्या मालकीचे केले. राष्ट्रीयीकरण झाले, पण त्यांना नवी यंत्रे, नवे भांडवल आणि कामगारांचा सहभाग असलेले व्यवस्थापन देण्याची इच्छाशक्ती कोणी दाखविली नाही. यथावकाश दोन्ही बंद पडले. खाजगी क्षेत्राने काय दिवे लावले? १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला जागतिक सायकल दिन होता. कामगारांना त्या दिवशी दारावर नोटीस वाचायला मिळाली.

त्याच उन्हाळ्यात टाळेबंदीने बेकार केलेले हजारो श्रमिक मुंबई-नाशिक महामार्गाने, भिवंडी-शहापूर-कसाऱ्यावरून पायी आणि सायकलीने गावाकडे निघाले होते. रेल्वे थांबली, एस.टी. थांबली, सरकार थांबले. चालू राहिली ती सायकल. उत्तर प्रदेशातील सहारनपूरला पंजाब-हरियाणाकडून आलेल्या श्रमिकांना बसमध्ये बसविताना त्यांच्या सायकली ठेवून घेण्यात आल्या. त्यांतील पाच हजारांहून अधिक सायकली मालक परत न आल्याने तशाच गंजत पडल्या आणि २०२२ साली प्रशासनाने सुमारे एकवीस लाख रुपयांना त्यांचा लिलाव केला. सायकलमागे चारशे रुपये पडले! ज्यांच्याकडे परत येण्याचे भाडे नव्हते, त्यांच्या मालमत्तेची किंमत राज्यसंस्थेने अशी ठरविली.

फ्रान्सचे पन्नास युरो

हे सारे अपरिहार्य होते काय? त्याच २०२० सालच्या मे महिन्यात फ्रान्सच्या सरकारने एक साधी योजना आखली. लोकांच्या तळघरांत आणि गच्च्यांवर पडून असलेल्या जुन्या सायकली दुरुस्त करण्यासाठी नोंदणीकृत कारागिराकडे गेल्यास सरकार सायकलमागे पन्नास युरोपर्यंत खर्च देणार. वर्ष संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक सायकली या योजनेतून दुरुस्त झाल्या. ब्रिटननेही त्याच वर्षी पन्नास पौंडांची दुरुस्तीची कुपने काढली. ही दोन्ही सरकारे समाजवादी नव्हती. पण पडून राहिलेले उत्पादक साधन पुन्हा वापरात आणणे हे नवे साधन विकत घेण्यापेक्षा स्वस्त असते, एवढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळणारे अर्थशास्त्र त्यांना कळले.

आपल्याकडेही सायकलीच्या योजना आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकल मिळते आणि त्या योजनेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आपल्या शासनाचे डोळे खरेदीवर खिळलेले असतात. खरेदीत निविदा असते, समारंभ असतो, छायाचित्र असते. दुरुस्तीत असतो रस्त्याच्या कडेला बसलेला एक काळ्या हातांचा कारागीर. त्याच्या हातून एखादी जुनी सायकल चालती झाली तर राष्ट्रीय उत्पन्नात नगण्य भर पडते आणि एक दुचाकी विकली न गेल्याने उलट घटच दिसते. लोकांचे जगणे स्वस्त झाले की जे मोजमाप घट दाखविते, ते मोजमापच सदोष आहे.

दुरुस्त सायकल, नादुरुस्त रस्ता

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ऊन आणि पाऊस ही सबब लंगडी आहे. वापी ते वाशी आपला कामगार त्याच उन्हापावसात बसची वाट पाहतो. प्रतिष्ठेची सबब अधिक खोल, पण ती लादलेली आहे. सायकल म्हणजे दारिद्र्य हे समीकरण जाहिरातींनी शिकविले. आणि हल्ली रविवारी पहाटे लाखभर रुपयांच्या सायकलीवर घाम गाळणाऱ्या वर्गाने ते समीकरण मोडण्याऐवजी आपल्यापुरता एक अपवाद करून घेतला आहे. खरा आक्षेप वेगळा आहे. चाळीतील बाई म्हणते, “सायकल दुरुस्त केलीत, पण पोराला त्या पुलावर पाठवू कशी?”

हा प्रश्न बिनतोड आहे. कल्याण-मुरबाड रस्त्याने शहाडचा उड्डाणपूल ओलांडताना मालवाहू ट्रक, बस, रिक्षा आणि टँकर यांच्या गर्दीत सायकलस्वाराला स्वतःची अशी एक हातही जागा नाही. अशा रस्त्यावर दुरुस्त केलेली सायकल म्हणजे सापळा ठरेल. तेव्हा जो कोणी कामगारांना केवळ ‘सायकल चालवा’ असा उपदेश करतो, तो त्यांच्या जिवाशी खेळतो. छर्रे आणि चेन बदलण्याचे काम कारागीर करील; रस्ता बदलण्याचे काम राजकारणाचे आहे.

रस्ता बदलण्याचे शास्त्र नवे नाही. सायकलमार्ग कसे आखावेत याची मानके इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच छापली. पण त्यांत एक मेख होती: गर्दीच्या वेळी ताशी चारशे सायकली जात असतील, तेथे स्वतंत्र मार्गाचा विचार करावा. विहीर खणण्याआधी तेथे घागरींची रांग लागली आहे का, असे विचारण्यासारखेच हे झाले. पुढे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली आणि सायकलींना प्राधान्य देण्याचे वचन दिले. त्या वचनाचे काय झाले ते वांद्रे-कुर्ला संकुलात पाहता येते. तेथे कोट्यवधी रुपये खर्चून सायकलमार्ग केला, त्यावर मोटारी उभ्या राहू दिल्या, तो वापरला जात नाही असा निष्कर्ष काढला आणि २०२५ मध्ये तो मोडून मोटारींना अधिक मार्गिका देण्याचे ठरविले. धोरण कागदावर सायकलीचे आणि सिमेंट मोटारीचे, ही आपल्या नियोजनाची रीत आहे. सायकलीचा गंज रॉकेलने जातो. या गंजाला दुसरे औषध लागते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे?

चळवळीतील काहींना हा विषय क्षुल्लक वाटेल. बंद कारखान्यांचे प्रश्न पडले असताना सायकलीचे काय घेऊन बसलात, असे ते विचारतील. २००९ साली बंद पडलेल्या एनआरसीच्या कामगारांना आपल्या थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. तो लढा मोठा आहे यात शंका नाही. परंतु ज्याची नोकरी गेली आणि जो आज कंत्राटावर तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी राबतो, त्याच्याच खिशातून हे रिक्षाचे हजार रुपये जातात. वेतनवाढीसाठी संप करायचा आणि त्याच वेतनाला पडलेल्या भोकाकडे पाहायचे नाही, ही कसली कामगार चळवळ?

शहाड हे कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेवर आहे. सीमेवरचे गाव दोघांचेही नसते, हा अनुभव जुना आहे. म्हणून मागणी दोन्ही महापालिकांकडे एकाच वेळी गेली पाहिजे. पहिली मागणी, जुन्या सायकलीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक श्रमिक कुटुंबाला हजार रुपयांचे कुपन. ते वस्तीतील कारागिराकडेच वटले पाहिजे, म्हणजे त्याचेही दुकान जगेल. दुसरी, शहाड, आंबिवली आणि कल्याण या स्थानकांबाहेर सावलीचा, राखण असलेला, विनामूल्य सायकलतळ. तिसरी, शहाड ते कल्याण, मोहने आणि उल्हासनगर या तीन रस्त्यांवर आणि पुलावर कठड्याने वेगळी केलेली सायकलची पट्टी. आधी पट्टी, मग मोजणी. चौथी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सायकल दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम, ज्यात मुलींनाही प्रवेश हवा.

आणि मागणीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. पक्षाच्या प्रत्येक शाखेने महिन्यातून एक रविवार दुरुस्तीचा ठेवावा. रॉकेल मिळत नसेल तेथे डिझेल चालेल. एक पंप, पान्यांचा एक संच, ग्रीसचा डबा आणि एक जाणता कारागीर एवढ्यावर शिबिर उभे राहते. कारागिराला त्याची मजुरी शाखेने द्यावी, श्रमदानाच्या नावाखाली त्याला फुकट राबवू नये. दिवसाकाठी दहा सायकली चालत्या झाल्या तरी त्या दहा घरांशी शाखेचा जो संबंध जुळेल, तो दहा जाहीर सभांनी जुळणार नाही. पुढल्या महिन्यात त्याच दहा सायकली घेऊन महापालिकेवर जावे आणि पुलावरील पट्टीचा जाब विचारावा. ज्याच्या हाती चालती सायकल आहे, त्याला रस्ता मागण्याचे कारण आपसूक कळते; त्याला वेगळे बौद्धिक द्यावे लागत नाही.

जिन्याखालच्या त्या सायकलीने एका पिढीला कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचविले. दुसऱ्या पिढीला ती महापालिकेच्या दारापर्यंत नेऊ शकते. तिला हवा भरण्याचे काम तेवढे उरले आहे.